पाणमांजरांच्या मागावर, काठाकाठानं

रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट बघता बघता मांडवी ओलांडून चोडण बेटाला लागते. उतरणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेकांच्या गळ्यात दुर्बिणी असतात, कारण धक्क्याला लागूनच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची ती खारफुटी. खंड्या, बगळे, चिखलात उड्या मारणारे निवटे तिथं सहज दिसतात. पण ज्याला पाणमांजर बघायचं आहे, त्यानं ही वाट सोडून बेटाच्या आत शिरावं आणि खाजणांच्या बांधांवरून चालायला लागावं.

खाजण म्हणजे खाडीला मातीचे बांध घालून मिळवलेली जमीन. गोव्यातल्या गावकाऱ्यांनी शतकानुशतकं ती राखली. बांधात जागोजागी ‘मानस’ असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबानं झडपा मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कोणी उघडायला नको, कोणी लावायला नको. आत पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो आणि मानशीलगतच्या खोलगट पोंयमध्ये मासे, कोळंबी, खेकडे वाढतात. मानशीवरच्या मासेमारीचा रीतसर लिलाव होतो. लिलावात बोली न लावणारा एक मासेमारही तिथं रोज हजेरी लावून जातो. त्याची खूण बांधावरच सापडते.

ही खूण म्हणजे विष्ठा. काळपट, सैलसर, माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांच्या तुकड्यांनी भरलेली. पाणमांजरांचा कळप ठरावीक जागीच विष्ठा टाकतो आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो. हद्द कोणाची, कळपात कोण आहे, मादी माजावर आहे का, हे सगळं त्या वासातून दुसऱ्या पाणमांजरांना कळतं. अभ्यासकांनाही प्रत्यक्ष प्राण्यापेक्षा या जागांचाच आधार जास्त असतो. चोडणवरून काम करणाऱ्या ‘वाइल्ड ऑटर्स’ या संशोधन गटानं गोव्यातल्या पाणमांजरांचा माग काढला, तो अशाच जागा आणि त्यांच्या आसपास लावलेले कॅमेरा ट्रॅप यांच्या मदतीनं.

खाजणात दिसतं ते मऊ केसांचं पाणमांजर, म्हणजे स्मूथ-कोटेड ऑटर. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या पाणमांजरांमध्ये हे सर्वांत मोठं. वजन 7 ते 11 किलो, केस आखूड आणि तुकतुकीत, शेपूट टोकाकडे चपटी. ते एकटं क्वचितच फिरतं. नर-मादी आणि त्यांच्या एक-दोन वर्षांतल्या विणींची पिल्लं असं कुटुंब बरोबर असतं. शिकारीलाही ती एकत्रच उतरतात. अर्धवर्तुळ धरून मासे उथळ पाण्याकडे रेटायचे आणि मग सगळ्यांनी एकदम बुडी मारायची. पाण्यावर आधी बुडबुड्यांची रांग दिसते, मग चार-पाच डोकी वर येतात आणि प्रत्येकाच्या तोंडात मासा असतो. लहान मासा पोहता पोहताच संपतो. मोठा असेल तर तो काठावर आणून, पुढच्या पंजांत धरून, डोक्याकडून खायला सुरुवात होते.

पोट भरलं की आंघोळीचा कार्यक्रम सुरू होतो, आणि तो कोरड्या जमिनीवर. वाळूत, गवतात लोळून अंग घासल्याशिवाय केस कोरडे होत नाहीत, आणि केसांत हवा धरून राहिली नाही तर अंगातली ऊब टिकत नाही. पिल्लंही जमिनीवरच जन्मतात. साधारण दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर मादी काठाच्या बिळात, झाडांच्या मुळांखाली किंवा खडकांच्या कपारीत विते. पिल्लांचे डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. त्यांना पोहता येत नाही. आई मानगूट धरून त्यांना पाण्यात नेते आणि शिकवते. म्हणजे ज्याला आपण पाण्यातला प्राणी म्हणतो त्याचं बाळंतपण, झोप, अंग सुकवणं, निरोपांची देवाणघेवाण हे सगळं चालतं काठावर. पाण्यात तो जातो जेवायला. नदी निर्मळ आहे, मासे मुबलक आहेत, पण काठ उरला नाही, तर पाणमांजर तिथं राहू शकत नाही. ही गोष्ट या प्रवासात पुढच्या प्रत्येक मुक्कामावर दिसत जाते.

वास्कोहून हुबळी-गदगमार्गे होसपेटला जाणारी रेल्वे दूधसागरच्या घाटातून चढते आणि दख्खनच्या कोरड्या पठारावर येते. होसपेट म्हणजे हंपीचं स्टेशन. विरूपाक्षाच्या देवळामागून वाहणारी तुंगभद्रा इथं सरळ पात्रातून जात नाही, तर घराएवढ्या गोल शिळांमधून वाट काढत जाते. शिळांमध्ये बेटं, बेटांवर लव्हाळी, शिळांखाली कपारी. खारफुटीची मुळं जे काम चोडणला करतात, तेच इथं दगड करतात.

या नदीच्या मुदलापूर ते कंपली या 34 किलोमीटरच्या पट्ट्याला कर्नाटक सरकारनं 2015 मध्ये पाणमांजर संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केलं. खास पाणमांजरांसाठी राखलेलं हे देशातलं पहिलं क्षेत्र. वाघ-हत्तींच्या नावानं जंगलं राखायची आपल्याला सवय आहे. इथं मात्र एक नदी राखली गेली, तीही गावं, भातशेती, मंदिरं आणि पर्यटक यांच्या मधोमध. घोषणेनं सगळं सुटलेलं नाही. सुरुंगाच्या स्फोटानं मासे मारणं, वाळूचा उपसा, पात्रात राहून गेलेली नायलॉनची जाळी ही संकटं आहेतच. वाळू काढली की बिळाची जागा जाते. शिळा फोडल्या की कपार जाते. पात्र मात्र लांबून पूर्वीसारखंच दिसत राहतं.

मासेमारांना पाणमांजर आवडत नाही, हे कुठल्याही नदीवर ऐकायला मिळतं. जाळ्यात अडकलेला मासा ते पळवतं, वर जाळंही फाडतं. हातावर पोट असलेल्या माणसाचं हे नुकसान खरंच आहे. पण बांगलादेशातल्या नराइल भागात याच जातीच्या पाणमांजरांशी मासेमारांनी भागीदारी केली आहे. चित्रा नदीवर रात्री होड्या निघतात, तेव्हा पाळलेली पाणमांजरं दोरीनं बांबूला बांधलेली असतात. ती काठाच्या गवतात, मुळांत शिरून लपलेले मासे हुसकतात आणि होडीलगत धरलेल्या जाळ्यात मासे येऊन पडतात. मोठ्यांबरोबर पिल्लं मोकळी पोहतात आणि बघून बघून काम शिकतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही पद्धत आता मोजक्या कुटुंबांत उरली आहे, कारण नदीतले मासेच घटले आहेत.

माणसानं पाणमांजराचं सर्वांत मोठं नुकसान केलं ते त्याच्या कातड्यासाठी. 2003 मध्ये तिबेटमध्ये पकडलेल्या एकाच खेपेत वाघ आणि बिबट्यांच्या कातड्यांबरोबर 778 पाणमांजरांची कातडी होती. तिबेटी पारंपरिक पोशाखाला अशा कातड्यांचे काठ लावण्याची चाल होती. 2006 मध्ये दलाई लामांनी हे थांबवण्याचं आवाहन केलं, तेव्हा लोकांनी असे किमती पोशाख जाहीरपणे जाळले. त्यानंतर मागणी घसरली. पण तोवर उत्तर भारतातले कितीतरी ओढे रिकामे झाले होते.

दक्षिणेत पोल्लाचीहून निघालेली बस आळियार धरणापासून चढू लागते आणि चाळीस वळणं घेऊन वाल्पराईच्या पठारावर पोचते. आनमलई डोंगरांतलं हे साधारण 220 चौरस किलोमीटरचं पठार इंग्रजी अमदानीत चहा-कॉफीसाठी साफ करण्यात आलं. चहूबाजूंना व्याघ्र प्रकल्पाचं आणि शेजारच्या केरळचं जंगल, मध्ये कापलेल्या चहाच्या हिरव्या उतरणी. त्या उतरणींमधून खळाळणारे ओढे हे जगातल्या सर्वांत लहान पाणमांजराचं घर आहे.

छोट्या नखांचं पाणमांजर साडेतीन-चार किलोच्या आसपास भरतं. त्याची नखं इतकी आखूड असतात की बोटांच्या गादीबाहेर येत नाहीत, आणि बोटांमधला पडदाही अपुरा असतो. पोहण्यात त्यामुळे ते थोडं उणं पडतं, पण हातांत मात्र विलक्षण तरबेज. मऊ केसांचं पाणमांजर शिकार तोंडानं पकडतं, तर हे बोटांनी चाचपतं. ओढ्यात उभं राहून, नजर भलतीकडेच ठेवून, दोन्ही हात दगडांखाली घालून खेकडे शोधणारं पाणमांजर पाहिलं, की सुपातल्या तांदळातले खडे न बघता वेचणारी घरातली म्हातारी आठवते. खेकडा सापडला की रुंद दाढांखाली कवचासकट भरडला जातो. शिंपले, गोगलगायी, बेडूक, किडेही चालतात. एकाच नदीत दोन जाती राहतात तेव्हा भांडणं फारशी होत नाहीत ती यामुळेच. एकीला खोल पाण्यातले मासे हवेत, दुसरीला उथळ पाण्यातले खेकडे.

यांचं जोडपं सहसा आयुष्यभराचं. बीळ तयार करण्यात नराचा वाटा असतो, पिल्लांना खाऊ आणून देण्यातही असतो. मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळतात. त्यांची बोलीही समृद्ध आहे. शिट्ट्या, चिवचिवाट, गुरगुर, किंचाळी असे डझनभर निरनिराळे आवाज अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत. अंधारात, खळाळत्या पाण्यात कुटुंब एकमेकांना धरून राहतं ते या आवाजांवर.

वाल्पराईतल्या ओढ्यांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. अभयारण्यातल्या ओढ्यांबरोबर चहा आणि कॉफीच्या मळ्यांतल्या ओढ्यांवरही या पाणमांजरांच्या खुणा त्यात मिळाल्या. मळ्यांतून जाणाऱ्या ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना जिथं मूळच्या झाडोऱ्याची पट्टी राहिली आहे, मोठे दगड पडून आहेत, तिथं पाणमांजराला निवारा मिळतो. अख्खं जंगल परत आणणं मळेवाल्याच्या हातात नाही. पाण्यालगतची काही मीटरांची पट्टी सोडणं मात्र त्याच्या हातात आहे.

या लहानग्यावर दुसरंच एक संकट आलं, ते त्याच्या लोभस रूपामुळे. हातांनी खेळणाऱ्या, शिट्ट्या घालणाऱ्या पाणमांजरांचे व्हिडिओ जगभर पसरले. जपानमध्ये पाणमांजरांना कुरवाळण्यासाठी कॅफे निघाले आणि आग्नेय आशियातल्या बिळांतून पिल्लं चोरून विमानानं जाऊ लागली. कुटुंबाशिवाय न राहणारा हा प्राणी मग एकटा, फ्लॅटमधल्या टबात. ऑगस्ट 2019 मध्ये ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या जिनिव्हा परिषदेत भारतानं इतर देशांबरोबर प्रस्ताव मांडले आणि छोट्या नखांचं व मऊ केसांचं, या दोन्ही पाणमांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत आज दोन्ही जाती ‘असुरक्षित’ गटात आहेत.

भारतातली तिसरी जात बघायला गेलं तर ती दिसेलच असं नाही. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरजवळ मढईला देनवा नदीचं पात्र ओलांडलं की सातपुडा व्याघ्र प्रकल्प सुरू होतो. तवा धरणाच्या फुगवट्यामुळे देनवा इथं संथ, रुंद झाली आहे. नावेतून जाताना काठावर मऊ केसांच्या पाणमांजरांचं कुटुंब पुष्कळदा दिसतं, त्यामुळे या भागात तीच जात आहे असा समज होता. 2016 मध्ये सातपुड्यात आणि कान्हा-पेंच यांना जोडणाऱ्या बालाघाटच्या जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वेगळंच पाणमांजर टिपलं गेलं. भुरकट, जाड केसांचं, निमुळत्या गोल शेपटीचं, नाकाची वरची कड नागमोडी असलेलं. ते युरेशियन पाणमांजर होतं. मध्य भारतात त्याचं छायाचित्र मिळण्याची ती पहिली वेळ.

आयर्लंडपासून जपानच्या अलीकडेपर्यंत पसरलेली ही जात भारतात मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येला आहे. कळपाचा हिला कंटाळा. आई आणि पिल्लं सोडली तर प्रत्येक जण एकेकटा, तोही बहुधा रात्री बाहेर पडणारा. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर मात्र हेच पाणमांजर भरदिवसा समुद्रात मासे धरताना दिसतं. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रुक यांनी तिथं वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. समुद्रात शिकार करणारी ही पाणमांजरं रोज किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याच्या डबक्यांत जाऊन केसांतलं मीठ धुतात, असं त्यांना आढळलं. मिठानं केस चिकटले की ऊब जाते. तेव्हा समुद्र कितीही माशांनी भरलेला असो, किनाऱ्यावर गोड्या पाण्याचं डबकं नसेल तर ती जागा त्यांच्या कामाची नाही.

जगातल्या तेरा-चौदा जातींपैकी एकीनं मात्र काठाशी संबंध जवळजवळ तोडला. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागराला येऊन मिळणाऱ्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत कयाक घेऊन जाणाऱ्याला पाठीवर तरंगणारी समुद्री पाणमांजरं अगदी जवळून दिसतात. त्यांची पिल्लं पाण्यातच जन्मतात आणि आईच्या पोटावर वाढतात. झोपताना आई केल्प या समुद्री शेवाळाच्या लांब पात्यांत स्वतःला गुंडाळून घेते, म्हणजे लाटांबरोबर वाहून जायला नको. काखेजवळच्या सैल कातडीत एक दगड जपून ठेवलेला असतो. शिंपला वर आणायचा आणि छातीवर दगडानं फोडायचा. सील-देवमाशांसारखा चरबीचा थर त्यांना नाही. ऊब टिकते ती एका चौरस सेंटीमीटरमध्ये दीड लाखापर्यंत भरणाऱ्या केसांमुळे आणि रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं खाल्ल्यामुळे.

याच केसांसाठी 18व्या आणि 19व्या शतकांत त्यांची कत्तल झाली. 1911 च्या आंतरराष्ट्रीय करारानं शिकार थांबली तेव्हा प्रशांत महासागराच्या सगळ्या किनाऱ्यावर मिळून एक-दोन हजारच उरली होती. कॅलिफोर्नियात तर ती संपलीच असा समज होता. 1938 मध्ये बिग सर किनाऱ्यावर पन्नासेक पाणमांजरं सापडली आणि त्यांच्यापासून आजची सुमारे तीन हजार झाली. त्यातली काही एल्कहॉर्न स्लूमध्ये परतली. तिथं खाडीकाठचं गवताळ दलदलीचं रान खेकड्यांनी पोखरलं होतं. ते मुळं खात, काठात बिळं पाडत आणि भरतीबरोबर माती ढासळत जाई. पाणमांजरांनी खेकडे खायला सुरुवात केल्यावर काठ ढासळण्याचा वेग मंदावला. हा अभ्यास जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. काठाशिवाय जगू शकणाऱ्या या जातीनं काठ वाचवला.

उलट दिशेनंही हे घडतं, म्हणजे माणसानं काठ परत दिला की पाणमांजर परत येतं. याचं सर्वांत चांगलं उदाहरण सिंगापूरमध्ये आहे. प्रदूषण आणि बांधकामांमुळे 1970च्या दशकापर्यंत तिथली मऊ केसांची पाणमांजरं नाहीशी झाली होती. नद्या स्वच्छ करण्याची मोठी मोहीम झाली आणि 1998 च्या सुमारास सुंगेई बुलोह या दलदलीच्या राखीव क्षेत्रात ती पुन्हा स्थिरावली. शहराच्या आत मात्र नद्या काँक्रीटच्या कालव्यांत कोंडलेल्या होत्या. कलांग नदीचा बिशान उद्यानातला 2.7 किलोमीटरचा सरळ कालवा त्यांपैकीच एक. तो फोडून तिथं 3.2 किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी तयार करण्यात आली. दोन्ही बाजूंना उतरते, झाडांनी धरून ठेवलेले काठ आले आणि 2012 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. दोनच वर्षांत पाणमांजरांचं एक जोडपं तिथं येऊन राहिलं. ‘बिशान कुटुंब’ या नावानं ते देशभर प्रसिद्ध झालं. पुढे या कुटुंबानं खाली मरीना बेपर्यंत सरकून तिथल्या कळपाला हुसकावलं. गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी चाललेली ही हद्दीची भांडणं लोकांनी काठावर उभं राहून पाहिली.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. बंगल्यांच्या तळ्यांतले महागडे कोई मासे पाणमांजरांनी फस्त केले, तक्रारी झाल्या. त्यावर सरकारी खाती, प्राणिप्रेमी संस्था आणि अभ्यासक यांचा एक कार्यगट बसला. कुंपणं कशी घालावीत, रस्ता ओलांडणाऱ्या कळपासाठी काय करावं, कुत्री कुठं मोकळी सोडू नयेत, याचे साधे नियम ठरले. संध्याकाळी कलांगच्या काठानं चालणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबांनाही आता पाणमांजर नवलाचं राहिलेलं नाही.

महाराष्ट्राच्या नद्यांची दिशा सध्या याच्या उलट आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठांचं सुशोभीकरण चाललं आहे. नाशिकला गोदावरीच्या पात्रातलं काँक्रीट काढावं म्हणून नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये मऊ केसांची पाणमांजरं अजून आहेत, आणि त्यांच्या काठांवर वाळूउपसा, संरक्षक भिंती आणि रिसॉर्टं एकाच वेळी येऊ पाहत आहेत. तिथं फार खर्चाच्या योजनेची गरज नाही. भिंत घालण्याआधी त्या पट्ट्यात विष्ठेच्या जागा आणि बिळं आहेत का, याची पाहणी व्हावी. खारफुटी आणि मातीचा उतार असलेले तुकडे सलग राखले जावेत. जाळं फाटलेल्या मासेमाराला भरपाई मिळावी. आणि कोकणात भटकायला जाणाऱ्यानं हिवाळ्यात, ओहोटीच्या वेळी खाडीच्या बांधावरून एक फेरी मारावी. खवल्यांनी भरलेली विष्ठा, चिखलातले पाच बोटांचे ठसे, वाळूत लोळल्याच्या खुणा दिसल्या तर त्यांचा फोटो आणि जागा वनखात्याला कळवावी. बिळाच्या जवळ जाऊ नये, कुत्रं बरोबर नेऊ नये. कुठल्या काठावर पाणमांजरं राहतात याची नोंद आधीपासून असेल, तर भिंतीचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा गावाला बोलायला आधार मिळेल.